तेहेतीस

जुन्या फळीला पोट सुटलं होतं.
"पन्नास वर्षं गाणी खाल्ली तिनं," नूबिया म्हणाली
आणि कॉफीचा कप माझ्या मोजपट्टीवर ठेवून गेली.

काली शहर. दुपारचे तीन.
शेजारच्या गच्चीवर कुणीतरी ट्रम्पेट घोटतंय,
त्याच एका चढावर येऊन पुन्हा घसरतंय.
मी गुडघ्यांवर बसून तबकड्या मोजते:
एका वितीत साठेक,
उचलायला गेलं तर पंधरा किलो,
म्हणजे तांदळाचं लहान पोतं,
फक्त ह्यातलं शिजत काहीच नाही.

"किती आहेत सगळ्या?"
एलादिओ मोस्केरा डोळे मिटून म्हणाले,
"अकराशे बारा. आणि एक रिकामी."

उंचीवरून आमचं वाजलं.
त्यांना हवी तेहेतीस सेंटिमीटर,
जेवढा वेग तेवढी उंची, असा त्यांचा हिशेब.
मी म्हटलं, बोटं आत जायला जागा ठेवा,
आणि ह्या गावात तेहेतीस पाळलं कुणी?
संथ गाणी तुम्हीच पंचेचाळीसवर फिरवलीत,
पायांना दम निघेना म्हणून.
ते हसले. साखर कारखान्यात चाळीस वर्षं काढलेलं हसू,
खोकल्यात संपणारं.
"बरं, पस्तीस कर.
पंचेचाळीस नको, धूळ बसेल."

लाकूड चोकोहून आलेलं सेड्रो,
कडवट वासाचं, वाळवी ज्याच्या वाटेला जात नाही.
दर दोन वितींना एक उभी फळी,
म्हणजे तबकड्या ताठ राहतील,
एकमेकींच्या अंगावर रेलणार नाहीत.
खाचा मी हातानेच पाडल्या.
वीज तशीही गेलेलीच होती.
पटाशी, सरस, गुण्या, पुन्हा पटाशी;
केसांत भुसा, कपाळावर भुसा,
जिभेवरसुद्धा तो कडवटपणा.

चौथ्या कप्प्याला चुकले.
बोटभर रुंद झाला.
बापानं शिकवलं होतं, चूक झाली की गिऱ्हाइकाला आधी सांग,
मग पाणी पी.
सांगितलं.
एलादिओ बराच वेळ त्या कप्प्यात बघत राहिले,
मग आतल्या खोलीतून एक कव्हर घेऊन आले:
कोपरे झिजलेले, निळ्या कोटातला गायक,
आत काहीच नाही.
"एकोणऐंशीचा डिसेंबर," ते म्हणाले,
"जत्रेच्या रात्री कुणीतरी लंपास केली.
मी ओल्मेदोशी त्यानंतर बोललो नाही.
तो मेला, तेव्हाही गेलो नाही."

स्वयंपाकघरात नळ चालू होता.
तो बंद झाला.

"ओल्मेदोनं नव्हती नेली," नूबिया तिथूनच म्हणाली.
"मी दिली होती."

ट्रम्पेट चढावर आलं, घसरलं.
माझ्या हातात स्क्रू होता,
अर्धा आत, अर्धा बाहेर.
तो पिळावा की थांबावं, कळेना.

"कुणाला?"
"मागायला आला त्याला."

नाव तिनं सांगितलं नाही.
एलादिओंनी विचारलं नाही.
कव्हर चौथ्या कप्प्यात ठेवलं, ते लगेच आडवं पडलं.
पुन्हा उभं केलं, पुन्हा पडलं.
नूबिया हात पुसत आली,
माझ्या पायाशी पडलेला सेड्रोचा तुकडा उचलून
तिनं त्याला टेकू दिला
आणि तशीच परत गेली.

मग आम्ही दोघांनी बाकीच्या लावल्या.
ते नावं वाचत होते, मी हात पुढे करत होते,
शेवटच्या कप्प्यापर्यंत ते एकदाही थांबले नाहीत.
फळ्या हलल्या नाहीत.

पैसे नूबियानं मोजून दिले, दोनदा.
तेव्हा एलादिओ कपाटाच्या माथ्यावर ठेवलेल्या
माझ्या पाणसळीत वाकून बघत होते,
बुडबुडा मधोमध आहे का ते.
मी ती तिथेच विसरले.
आठवडा झाला.
आणायला जायचंय.